रिव्हॉल्व्हरचं होल्स्टर घेताना आधी आपला दिवस मोजा

माझ्याकडे दुरुस्तीला येणारी होल्स्टरं, म्हणजे शस्त्र अंगावर बाळगायची म्यानं, एका बाबतीत सारखी असतात: सगळी मऊ. गिऱ्हाईक दुकानात ते अंगठ्यानं दाबून बघतं, "वा, लोण्यासारखं आहे," म्हणतं आणि घेऊन जातं. महिन्याभरात तोंड बसलेलं असतं, पट्ट्याची भोकं लांबट झालेली असतात आणि गिऱ्हाइकाचा एक हात कमरेवर असतो. मग प्रश्न येतो, "आत अजून एक मऊ अस्तर लावून द्याल का?"

अस्तरानं काही होत नाही. होल्स्टर टोचतं ते चामडं कडक असल्यामुळे क्वचितच. पट्टा लेचापेचा असतो, जागा चुकलेली असते, नाहीतर ते घेताना उभं राहून बघितलेलं असतं आणि दिवस मात्र बसण्यात जातो.

इंदूरला रामबागेच्या बाजूला माझं चामड्याचं छोटंसं काम आहे. गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. राऊ, सिमरोल, देपालपूरकडे शेती असलेली परवानाधारक मंडळी, आणि ज्यांची मुलं-भाचे अमेरिकेत हँडगननं शिकार करतात असे घरचे लोक. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे या लेखातला शिकारीचा भाग (पायरी 5) तिकडच्यांसाठीच आहे. बाकी सगळं दोघांनाही लागू.

तयारी: शस्त्र रिकामं, कागद हाताशी

मापं, चाचण्या, सराव, सगळं रिकाम्या शस्त्रावर. सिलिंडर (गोळ्यांचा फिरता भाग) उघडून सहाही घरं डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीमागचं गोळीचं घर) बघायचं. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली पुढची गोळी परत चेंबरमध्ये जाते. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याच टेबलाच्या खणात ठेवली तर ठेवल्यासारखी नाहीत.

दुसरं म्हणजे, शस्त्र घेऊन कारागिराकडे जाऊ नका. परवाना तुमच्या नावाचा आहे, त्याच्या नाही. मी गिऱ्हाइकाचं शस्त्र हातात घेत नाही. कागदावर काढलेली आकृती आणि मॉडेलचं पूर्ण नाव एवढ्यावर माझं काम होतं, बाकी लाकडी साचे माझ्याकडे आहेत.

तिसरं, नियम. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या सॅकसारख्या पिशवीत असावी लागते, पूर्ण झाकलेली असावी लागते आणि तुमच्या ताब्यात असावी लागते. 'पूर्ण झाकलेली' हे शब्द लक्षात ठेवूनच खरेदीला निघा. मूठ आणि घोडा (मागचा हॅमर) उघडा ठेवणारी सिनेमातली होल्स्टरं दिसायला झोकदार, पण वरून शर्ट किंवा जाकीट नसेल तर ती घालून रस्त्यावर यायची सोय नाही. लग्नात मिरवायला 'जरा उघडं' होल्स्टर मागणारे दर हंगामात दोन-तीन येतात. त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

पायरी 1: एक दिवस लिहून काढा

या पायरीवर सगळे हसतात आणि तीच गाळतात. एक कागद घ्या आणि ज्या दिवशी शस्त्र बाळगता तो दिवस लिहा. गाडीत किती वेळ, मोटरसायकलवर किती, खुर्चीत किती, पायी किती. उकिडवं किती वेळा बसता हे तर लिहाच.

देपालपूरच्या एका काकांनी लिहिलं होतं: "दिवसभर शेतात चालणं." मी खोदून विचारलं तेव्हा निघालं की इंदूरहून जायला-यायला मिळून दोन-अडीच तास गाडी, तिथे गेल्यावर विहिरीवरच्या मोटरीपाशी उकिडवं बसून स्टार्टरशी झटापट, मग बाजेवर जेवण, आणि चालणं जेमतेम अर्धा तास. त्यांचं आधीचं होल्स्टर चालणाऱ्या माणसाचं होतं: कमरेखाली लोंबणारं, मांडीला टेकणारं. उकिडवं बसलं की नळीचं टोक जमिनीला लागून मूठ थेट बरगडीत घुसायची. तीन वर्षं त्यांनी ते सोसलं आणि दोष आपल्या वाढत्या पोटाला दिला.

*पडताळा:* कागदावर सगळ्यात जास्त वेळ ज्या स्थितीला लागला, ती अधोरेखित करा. होल्स्टर त्या स्थितीसाठी घ्यायचं.

पायरी 2: आकृती काढा

जाड कागदावर रिकामं शस्त्र आडवं ठेवा. पेन्सिल अगदी उभी धरून कडेनं फिरवा. पेन्सिल तिरपी झाली की आकृती दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटरनं बारीक किंवा जाड होते, आणि होल्स्टरात तेवढा फरक पुष्कळ झाला. आकृतीवर खुणा करा: ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) कुठे सुरू होतं, कुठे संपतं, घोडा किती मागे येतो, पुढची माशी (नेम धरायचा उंचवटा) किती उंच आहे. सिलिंडरची जाडी वेगळी मोजा. रिव्हॉल्व्हरमध्ये सगळ्यात जाड जागा तीच आणि कमरेला दाबते तीही तीच.

'.32 चं रिव्हॉल्व्हर' एवढं सांगून माप होत नाही; .32 हे गोळीचं माप झालं. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीच्याच .32 रिव्हॉल्व्हरांत मॉडेलं निरनिराळी आहेत, आणि जुनी विलायती .32 आणखी वेगळी. काडतूस एक असलं तरी देह एक नसतो.

*सावध:* 'सर्व साइजसाठी' असं लिहिलेलं होल्स्टर कुठल्याच साइजचं नसतं.

पायरी 3: आधी पट्टा

होल्स्टरचं बजेट दोन हजार असेल तर आधी पट्ट्याचे पैसे बाजूला काढा. ऑफिसला घालायचा पातळ पट्टा भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या वजनानं पिळतो, वरची कड बाहेर लवते आणि होल्स्टर अंगापासून सुटून लोंबायला लागतं. मग माणूस पट्टा एक भोक घट्ट करतो. थोड्या वेळानं आणखी एक. संध्याकाळी कमरेवर वळ उठतो आणि शिव्या होल्स्टरला बसतात.

रुंदी 38 ते 40 मिलिमीटर आणि जाडी निदान 4, असा दुहेरी चामड्याचा पट्टा घ्या, दोन्ही कडांना शिलाई असलेला. परीक्षा सोपी: पट्टा रुंदीच्या बाजूनं दोन्ही हातांत धरून पिळ द्या. ओल्या टॉवेलसारखा पिळला तर ठेवून द्या.

होल्स्टरच्या मागच्या फटीतून पट्टा घासून, जोर लावून जायला हवा. फट 50 मिलिमीटरची आणि पट्टा 38 चा असला तर प्रत्येक पावलाला होल्स्टर मागेपुढे नाचणार. आणि पँटच्या लुप्या तपासा. चाळीसचा पट्टा लुपीतून जात नाही हे घरी आल्यावर कळणारे बरेच आहेत.

पायरी 4: जागा ठरवा, मिठाच्या पुडीनं

होल्स्टर घेण्याआधी जागेची चाचणी घरीच होते, आणि तिला शस्त्र लागत नाही. एक किलो मिठाची पुडी जाड मोज्यात घाला, मोज्याचं तोंड सुतळीनं बांधा आणि तो पट्ट्याला घट्ट अडकवा. भरलेलं .32 याहून हलकं असतं, पण पुडीला सहन करणारी जागा त्याला नक्की सहन करते. आता दिवसभर आपली कामं करा. दोन-तीन दिवस, दर दिवशी वेगळ्या जागी. बायको हसेल. हसू द्या.

जागा मुख्यतः तीन.

उजव्या कुल्ल्याच्या हाडाच्या किंचित मागे: उभं राहणाऱ्या आणि चालणाऱ्याला उत्तम. बरोबर हाडावर नको, तिथे मांसच नसतं. खुर्चीच्या हाताला ते अडकतं, आणि गाडीत सीटबेल्टचा कमरेवरचा पट्टा त्याच बाजूनं येतो.

डावीकडे पुढे, मूठ उजव्या हाताकडे: गाडी चालवणारा, खुर्चीत बसणारा आणि उकिडवं बसणारा, तिघांना सोयीचं. देपालपूरच्या काकांना मी हेच दिलं. पोट मोठं असेल तर थोडं आणखी बाजूला सरकवा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: अमेरिकन व्हिडिओंत गाडीबद्दल जे सांगतात ते डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीचं असतं. तिथे ड्रायव्हरच्या बेल्टचं बक्कल उजव्या कुल्ल्याशी लागतं, आपल्याकडे डाव्या. त्यांचा सल्ला जसाच्या तसा उचलला की सगळं उलटं होतं. आपल्या गाडीत, बेल्ट लावून, पुडीनंच बघा.

काखेखाली, खांद्याच्या पट्ट्यांवर: कमरेला जागा नाही, पाठीचं दुखणं आहे, वरून जाकीट आहे, अशांसाठी. मे महिन्यात माळव्याच्या उन्हात हे पट्टे घामानं भिजून काखेत काचतात, हे मी आधीच सांगून ठेवतो.

पाठीच्या मधोमध, कण्याजवळ मात्र कधीच नको. मोटरसायकल घसरून पाठीवर पडलात तर ते लोखंड आणि मणका यांच्यामध्ये फक्त शर्ट असतो.

*पडताळा:* पुडी लावून या चार गोष्टी करा: उकिडवं बसून उठा, मोटरसायकलला किक मारा, गाडीत बेल्ट लावा-काढा, बाजेवरून उठा. एकाही वेळी हात आपोआप पुडी सरकवायला गेला तर जागा चुकली.

पायरी 5: लांब नळी आणि छातीवरचं होल्स्टर

हा भाग टेक्सास, मोंटानाकडच्या भाच्या-पुतण्यांना पाठवा. शिकारीच्या हँडगन आपल्या .32 च्या जातीच्या नसतात. .44 मॅग्नमचं साडेसात इंची नळीचं रिव्हॉल्व्हर रिकामंच दीड किलोच्या घरात जातं, वर दुर्बीण बसवली की आणखी. ते कमरेला बांधून टेकडी चढायची म्हणजे दर पावलाला गुडघ्याशी भांडण. शिवाय पाठीवर मोठी सॅक असते, तिचा कमरपट्टा नेमका होल्स्टरच्या जागी बसतो. दोन्ही एका जागी राहत नाहीत.

म्हणून तिकडे बरेच शिकारी छातीवरचं होल्स्टर वापरतात. एक पट्टा खांद्यावरून, एक पाठीमागून, आणि शस्त्र छातीवर तिरकं. वजन कमरेऐवजी खांद्यावर जातं, सॅकच्या पट्ट्यांशी जमतं, ओढ्यातून जाताना कोरडं राहतं. झाडावरच्या मचाणावर बसायचं असेल तरीही हेच बरं, कारण तिथे मांडीशेजारी जागा नसते आणि सुरक्षेचा पट्टाही कमरेला असतो.

निवडताना तीन गोष्टी बघायच्या. खांद्यावरची पट्टी निदान चार-पाच सेंटिमीटर रुंद हवी, कारण अरुंद पट्टी दीड किलो घेऊन तासाभरात मानेच्या स्नायूवर बसते. माप थंडीतल्या जाकिटावरून घ्या, बनियनवर नाही. आणि दुर्बीण असेल तर ती बसवलेल्याच शस्त्राचं होल्स्टर घ्या. साध्या होल्स्टरचं तोंड कापून दुर्बिणीला वाट करून दिली की शस्त्राला धरून ठेवणारा भागच जातो. असे कापलेले दोन नमुने माझ्याकडे पडून आहेत.

*सावध:* छातीवरून किंवा काखेतून शस्त्र काढताना नळीची दिशा आपल्याच डाव्या दंडावरून फिरू शकते. डावा हात आधी छातीला चिकटवायचा, मग उजवा मुठीवर. आडव्या बसणाऱ्या काखेतल्या होल्स्टरात नळी कायम मागच्या माणसाकडे असते. रांगेत उभं राहणाऱ्यानं ते घेऊच नये.

पायरी 6: कशाचं घ्यायचं

चामडं घ्यायचं तर झाडाच्या सालीत कमावलेलं, 3 ते साडेतीन मिलिमीटर जाड. कडेचा कापलेला भाग बघा: तपकिरी असेल तर बहुधा सालीचं, मध्ये निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. क्रोम-चामडं मऊ, स्वस्त आणि रंगीत मिळतं, पण ते साच्याचा आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांनी लोखंडावर गंज चढतो. बॅगेला उत्तम, होल्स्टरला नको.

साच्यावर घडवलेलं कडक प्लास्टिक, ज्याला कायडेक्स म्हणतात, ते घाम आणि पावसाला दाद देत नाही, तोंड बसत नाही, शस्त्र 'टक' आवाज करून बसतं. पण ते नेमक्या मॉडेलचंच लागतं, आणि आपल्या .32 साठी तयार मिळणं मुश्किल. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका, वाकडं होऊ शकतं.

नायलॉनचं स्वस्त होल्स्टर कपाटातून कपाटात न्यायला ठीक. रोज घालायला नाही.

माझं मत विचाराल तर घामट उन्हाळा आणि चार महिन्यांचा पावसाळा असूनही मी चामडंच सांगतो, कारण ते वर्षभरात तुमच्या कमरेच्या वळणाला बसतं. प्लास्टिक पहिल्या दिवशी जिथे टोचतं, तिथेच पाचव्या वर्षीही टोचतं.

पायरी 7: घेण्याआधीच्या परीक्षा

दुकानात पहिल्या दोन होतात. बाकीच्या घरी, रिकाम्या शस्त्रावर, म्हणून बदलून मिळेल का हे आधी विचारून ठेवा.

1. तोंड दाबा. रिकामं होल्स्टर पट्ट्यावर असताना तोंड उघडं राहिलं पाहिजे. बसलेलं तोंड उघडायला दुसरा हात लागतो, आणि तो हात नळीपुढे येतो.

2. टिचबटण आणि झाकण बघा. उजव्या हाताच्या अंगठ्यानं एका दमात उघडलं पाहिजे, पण उकिडवं बसताना आपोआप सुटता कामा नये.

3. ट्रिगर गार्ड पूर्ण झाकलं जातं का? बाहेरून बोट ट्रिगरपर्यंत पोचता कामा नये, आणि त्या जागेचं चामडं दाबून आत जाता कामा नये. या एका मुद्द्यावर नापास झालेलं होल्स्टर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

4. बिछान्यावर धरून उलटं करा. बटण न लावता हलकेच हलवलं तरी शस्त्र पडू नये. बटणाचं काम वरच्या राखणदाराचं, वजन पेलायचं काम होल्स्टरच्या पोटाचं.

5. मूठ पूर्ण हातात येते का? तीन बोटं नीट बसायला हवीत. चामडं फार वर असेल तर शस्त्र बाहेर काढल्यावर पकड बदलावी लागते.

6. नंतर दोन तास घरात. पहिली दहा मिनिटं कुठलंही होल्स्टर चांगलंच वाटतं.

तिसऱ्या परीक्षेबद्दल थोडं जास्त सांगतो. मी नवा असताना एका गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून आत पातळ मेंढीच्या कातड्याचं अस्तर लावून दिलं होतं. आठ महिन्यांनी ते शिलाईतून सुटून ट्रिगरपाशी दुमडलं. माणूस सावध होता, शस्त्र आत बसेना म्हणून थांबला आणि वाकून बघितलं. जोर लावला असता तर ती घडी ट्रिगरवरच्या बोटासारखी वागली असती. ते अस्तर अजून माझ्या आरीशेजारी खिळ्याला टांगलेलं आहे. त्यानंतर मी अस्तर लावलं नाही.

पायरी 8: घट्ट होल्स्टर बसतं करणं

नवं चांगलं होल्स्टर घट्ट असतं, इतकं की शस्त्र अर्ध्यावर अडकतं. इथे लोक घाबरून तेल लावतात. कोल्हापुरी चपलेला तेल पाजतात तसं होल्स्टरला पाजलं की संपलं. चामडं पडतं ते परत उभं राहत नाही. खोबरेल नको, एरंडेल नको, बूट पॉलिशही आतून नको.

रिकामं शस्त्र पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, होल्स्टरमध्ये हळूहळू पूर्ण खाली दाबा, एकदोनदा किंचित डावी-उजवीकडे हलवा आणि सगळं तसंच रात्रभर कुलपात ठेवा. सकाळी पिशवी काढून बघा. अजून घट्ट असेल तर दोन पिशव्या आणि आणखी एक रात्र. त्याहून जास्त लागलं तर माप चुकलंय, कारागिराकडे परत जा.

मग सराव: रिकाम्या शस्त्रानं, भक्कम भिंतीकडे तोंड करून, काढणं आणि ठेवणं. काढताना बोट ट्रिगरबाहेर, नळीच्या बाजूला सरळ. ठेवताना शर्टचं टोक बाजूला करा, जाकिटाची दोरी आत गेली नाही ना ते बघा आणि डोळ्यांनी बघत, सावकाश ठेवा. काढताना घाई कशाला हे मला समजतं, ठेवताना घाई करणारा मला आजवर समजलेला नाही.

पायरी 9: पावसाळा आणि कुलूप

शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात ठेवू नका. चामडं हवेतला ओलावा ओढतं आणि लोखंडाला लावून धरतं. जुलैत आठवडाभर विसरलात तरी नळीवर तपकिरी ठिपके दिसतील. शस्त्र पुसून, तेलाचा हलका हात फिरवून वेगळं कुलपात, होल्स्टर बाहेर खुंटीवर.

भिजलं तर सावलीत, पंख्याखाली. ऊन, हेअर ड्रायर, चुलीजवळची उबदार जागा, तिन्हींनी चामडं आक्रसतं आणि माप बदलतं. बुरशी आली तर कोरड्या सुती फडक्यानं पुसून हवेशीर ठेवा. वरून, फक्त वरून, मेणाचा पातळ हात पावसाळ्याआधी एकदा पुरे.

दिवाळीच्या साफसफाईत पट्टाही काढून बघा. भोकं लांबट झाली असतील, लुपीपाशी चामड्याला भेगा असतील, बटण बोटानं नुसतं ढकलून सुटत असेल, तर त्या आठवड्यात ते घालू नका. बटण बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. येताना शस्त्र घरी ठेवून या.